मजकूर आणि त्याचे बिऱ्हाड

प्रस्तावना

‘पेस्ट’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला रबर सोल्यूशनचा वास होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागलो. खिळ्यांच्या केसेस नुकत्याच अडगळीत गेल्या होत्या आणि फोटो टाइपसेटिंगच्या यंत्रातून मजकूर ब्रोमाइडच्या गुळगुळीत पट्ट्यांवर उतरत होता. आमच्या खोलीला लागूनच पेस्टिंगची खोली. खालून दिवा लावलेल्या काचेच्या तिरक्या टेबलांशी आर्टिस्ट मंडळी उभी असत. पट्टी कटरने कापायची, मागे सोल्यूशन लावायचे, पानाच्या कागदावर डकवायची आणि अंगठ्याने दाबायची. मी काढलेली चूक दुरुस्त करायची म्हणजे तेवढीच ओळ नव्याने काढून जुन्या ओळीच्या डोक्यावर बसवायची. रात्री साडेअकराच्या घाईत ती किंचित तिरकी बसली, की सकाळी घरोघरी तिरकीच पोचे. मग संपादक बोलावून विचारत, “काय हो, ही ओळ प्यायली होती का?”

त्या पेस्टमध्ये लपवाछपवी नव्हती. तुकडा जिथून आला तिथला टाइप, तिथला आकार, तिथली ओळीची रुंदी घेऊनच येई, आणि ते सगळ्यांना दिसे. चौदा पॉइंटांच्या पानात बारा पॉइंटांचा तुकडा चिकटवला, तर तो बाहेरून आलाय हे चहा घेऊन येणाऱ्या पोऱ्यालाही कळे. संगणकाने ही क्रिया उचलली, नावही तेच ठेवले, पण सोबत काय आले ते दिसण्याची सोय मात्र मागेच राहिली. आज मॅटर एका फाइलमधून उचलून दुसरीत टाकले, की त्याच्याबरोबर काय काय आत शिरले याचा पत्ता लागत नाही. लागतो तो चार दिवसांनी, पान लावताना. एक परिच्छेद ऐकेनासा होतो, मथळा आपोआप निळा होतो, आकडे इंग्रजी होतात आणि ऑपरेटर कपाळाला हात लावून म्हणतो, “फॉरमॅट उडाला.”

ही पुस्तिका त्या न दिसणाऱ्या सामानाबद्दल आहे. वर्ड प्रोसेसरमध्ये मजकूर पेस्ट करताना त्याचे रूप आपल्या ताब्यात कसे ठेवायचे, एवढाच तिचा विषय. लेखिका डीटीपी ऑपरेटरांना आणि संपादनाच्या कामाला नव्याने लागलेल्या मुलामुलींना शिकवतात. त्यांनी प्रस्तावना मागितली तेव्हा मी जरा उद्धटपणेच म्हणालो, “एवढ्याशा गोष्टीवर पुस्तिका?” त्या काही बोलल्या नाहीत. मीच त्यांना पाठवलेल्या एका लेखाची फाइल त्यांनी उघडली. तेरा परिच्छेदांच्या त्या लेखात सात फॉन्ट होते. त्यातले पाच मी आयुष्यात कधी निवडलेले नव्हते.

संगणकावरची पेस्ट पुस्तकांच्या धंद्यासाठीच जन्मली, हे आपल्या क्षेत्रातल्या माणसांना ठाऊक असलेले बरे. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७४-७५च्या सुमारास लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाचा लेखन-संपादनाचा प्रोग्राम घडवला. तो ज्यांच्यासाठी घडवला ती जिन अँड कंपनी ही मॅसॅच्युसेट्समधली पाठ्यपुस्तकांची प्रकाशनसंस्था, तेव्हा झेरॉक्सच्याच मालकीची. तिथले संपादक कागदावर कात्री चालवत आणि तुकडे चिकटवत. त्यांची ही रोजची सवय टेस्लर-मॉट जोडीने पडद्यावर आणली. टेस्लर १९८०मध्ये ॲपलमध्ये गेले. १९८३चा लिसा आणि १९८४चा मॅकिंटॉश या संगणकांमधून एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा जगाच्या बोटांना लागल्या. व्ही हे अक्षर मला नेहमी उलट्या काकपदासारखे वाटते. गाळलेला शब्द ओळीत घालताना आम्ही मुद्रितशोधक जी खूण करतो तीच, फक्त पालथी. पालो आल्टोच्याच केंद्रात ‘ब्राव्हो’ या प्रोग्रामवर काम केलेले चार्ल्स सिमोनी १९८१मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, आणि १९८३मध्ये वर्ड बाजारात आले. म्हणजे पेस्ट आणि वर्ड तशी एकाच वाड्यातली.

आता या वाड्यात नेमके काय चालते? कॉपी करताना आपण एकच गोष्ट उचलली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात, ज्या प्रोग्राममधून आपण मजकूर उचलतो तो क्लिपबोर्डवर त्याच मजकुराची अनेक रूपे एका वेळी मांडतो. एक रूप नुसत्या अक्षरांचे. दुसरे आरटीएफ, म्हणजे फॉन्ट, आकार, रंग, समास यांच्या नोंदींसह. ब्राउझरमधून उचलले असेल तर एचटीएमएल, म्हणजे त्या पानाची सगळी सजावट. मग ज्या ठिकाणी पेस्ट करायचे तिथला प्रोग्राम त्यातले आपल्याला झेपेल ते सर्वांत भरजरी रूप उचलतो. जुन्या नोटपॅडला नुसती अक्षरेच झेपतात, म्हणून तिथे सगळे साधे होऊन येते. वर्डला सगळेच झेपते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मजकूर एकटा येत नाही, बिऱ्हाड घेऊन येतो. या बिऱ्हाडात अक्षरांचा फॉन्ट-आकार असतो, हे सगळ्यांना माहीत असते. परिच्छेदाचे सामान वेगळे असते, ते फारसे कुणाला माहीत नसते. ओळींमधले अंतर, पहिल्या ओळीचा समास, परिच्छेदाआधीची मोकळी जागा हे सगळे वर्ड परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेत ठेवतो. उलट्या ‘पी’सारखी दिसणारी, एरवी अदृश्य असणारी ती खूण. निवडताना ती खूण सोबत घेतली, तर परिच्छेदाचे सगळे रूप सोबत येते. ती वगळून नुसती अक्षरे घेतली, तर ती नव्या परिच्छेदात घरच्यासारखी बसतात. माझ्या ओळखीच्या एका ऑपरेटरने वीस वर्षे वर्डवर काम केले आणि ही एक गोष्ट कळल्यावर तो म्हणाला, “सर, हे आधी का नाही सांगितलंत?” मलाच माहीत नव्हते, हे मी त्याला सांगितले नाही. याच्याही वर विभागाची खूण असते. पानाची रुंदी, समास, शीर्षपट्टी हा ऐवज तिच्या पोटात असतो. अख्खी फाइल निवडून दुसरीत ओतली, की पानाचे माप मध्येच बदलते ते या खुणेमुळे.

आणि मग शैली, म्हणजे स्टाइल. दोन्ही फाइलींत ‘नॉर्मल’ नावाची शैली असते, पण एकीत ती अकरा पॉइंटांची, दुसरीत चौदा. नाव एकच, माणसे दोन. अशा वेळी कोणाची शैली खरी मानायची, यासाठी वर्डच्या पर्यायांत वेगळी सोय आहे. प्रगत पर्यायांत कट-कॉपी-पेस्टच्या मथळ्याखाली चार ओळी आहेत: त्याच फाइलमध्ये पेस्ट करताना, दोन फाइलींमध्ये करताना, दोन फाइलींच्या शैली भांडत असताना आणि दुसऱ्या प्रोग्राममधून आणताना. या चार ओळी एकदा नीट वाचून ठरवल्या, तर अर्धी डोकेदुखी जाते. ते पान कधी उघडलेच नाही अशी माणसे मी मोजली, तर त्यात मी स्वतः पंधरा वर्षे होतो.

इथपर्यंतचे सगळे इंग्रजीत लिहिणाऱ्यालाही लागू आहे. त्यांच्यासाठी अशी मार्गदर्शके पुष्कळ आहेत. मराठीत वेगळी पुस्तिका लागते, याचे कारण मराठीत या प्रश्नाने एक विचित्र वळण घेतले, आणि मला वाटते की आपल्या आजच्या निम्म्या वाईट सवयी त्या वळणावर लागल्या.

इंग्रजीत फॉन्ट म्हणजे कपडे. कपडे उतरवले तरी माणूस तोच राहतो. ‘ए’ कुठल्याही फॉन्टमध्ये ‘ए’च. आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षे फॉन्ट म्हणजे कपडे नव्हते, कातडी होती. श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव असे कितीतरी फॉन्ट. यांच्यात संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसायचेच. असायचे ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड, आणि त्या कोडांवर फॉन्टने चढवलेले देवनागरी चित्र. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असे लिहिले, की फाइलमध्ये प्रत्यक्ष ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे साठवली जातात. फॉन्ट काढून घ्या, आणि मराठीचा मागमूस राहत नाही. श्रीलिपीत त्याच शब्दाचे कोड निराळे, शिवाजीत निराळे. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये टाकला तर देवनागरीच दिसते, पण तिला अर्थ नसतो. आमच्या भाषेत ‘अक्षरं फुटली’.

म्हणजे पेस्ट करताना ‘केवळ मजकूर’ हा जो पर्याय इंग्रजी लेखकासाठी सर्वांत सुरक्षित, तोच मराठी ऑपरेटरसाठी सर्वांत धोक्याचा होता. तो दाबला की मजकूरच मरे. हे मी ऐकीव सांगत नाही. एका प्रकाशनसंस्थेत दोनशे पानांच्या कादंबरीचे मॅटर दोन फॉन्टांत आले होते. निवेदन एका फॉन्टमध्ये आणि पत्रे दुसऱ्यात, कारण लेखकाने मध्ये संगणक बदलला होता. नव्या मुलाने कुठेतरी ऐकले होते की मॅटर साफ करून घ्यावे. त्याने सगळे निवडले, साधे करून पेस्ट केले, जुन्या फाइलवरच सेव्ह केले आणि जेवायला गेला. दोन फॉन्टांची सरहद्द कुठे होती याची एकमेव खूण म्हणजे फॉन्टचे नाव, आणि तेच गेले होते. ती कादंबरी आम्ही पुन्हा टाइप केली. तेव्हापासून त्या कचेरीत ‘साधे करून पेस्ट’ म्हणजे पापच. “सोर्स फॉरमॅटिंग ठेव, हात लावू नको,” हे वाक्य तिथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ऐकवले जाई.

त्या काळात ते वाक्य बरोबरच होते. पुढे काळ बदलला तरी वाक्य तिथेच राहिले. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. तिच्यात देवनागरीला स्वतःचे घर मिळाले, प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक. विंडोज २०००बरोबर आलेल्या ‘मंगल’ने हे घर सर्वसामान्यांच्या पडद्यावर आणले. तो फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखला होता, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. तरी मराठी मुद्रणाने पुढची बरीच वर्षे युनिकोडकडे पाठ फिरवली, आणि त्याला कारणे होती. पानमांडणीच्या सॉफ्टवेअरांना युनिकोड मराठी नीट जोडता येत नव्हती, जोडाक्षरे तुटत होती. पुण्यातल्या सी-डॅकसारख्या संस्थेने आणि श्रीलिपीसारख्या प्रणालींनी त्या कठीण काळात मराठी छापखाना चालू ठेवला, हे विसरून चालणार नाही. जुन्या फॉन्टांना नावे ठेवणाऱ्या तरुण मित्रांना मी हे नेहमी सांगतो.

पण आता युनिकोडमध्ये लिहिलेल्या मराठीचा फॉन्ट पुन्हा कपडाच झाला आहे. ‘म’ कुठेही ‘म’च राहतो. तेव्हा मूळचे रूप सांभाळत बसण्याची गरज संपली, आणि मूळचे रूप सोडून देण्याची सवय लावून घेण्याची वेळ आली. या पुस्तिकेचे खरे म्हणणे माझ्या मते हेच आहे, आणि ते मला शंभर टक्के पटते: मजकूर उघडा आणावा, आणि कपडे इथले घालावेत.

त्यात एक कलम मात्र मी अधोरेखित करतो, कारण नेमकी चूक तिथेच होते. जुन्या फॉन्टमधले मॅटर अजूनही येते. दिवाळी अंकाचे काम केलेल्या कुणालाही विचारा. १९०९मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पाडलेली ही प्रथा आजही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संपादकाच्या टेबलावर महाराष्ट्राचे सगळे फॉन्ट आणून टाकते. एका ज्येष्ठ कवींचे मॅटर श्रीलिपीत, एका प्राध्यापकांचे कृतिदेवमध्ये, तरुण कथाकाराचे थेट फोनवरून. अशा जुन्या मॅटरचे आधी रूपांतर करायचे, मग सफाई. उलट क्रम कधीही नको. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला कुठला भाग श्रीलिपी, कुठला कृतिदेव आणि कुठला खरोखरीचा इंग्रजी, हे फॉन्टच्या नावावरूनच कळते. आधीच साधे केलेत, तर मध्ये आलेल्या ‘लंडन युनिव्हर्सिटी’ या इंग्रजी अक्षरांचेही तो इमानेइतबारे मराठीकरण करतो आणि न वाचता येणारे काहीतरी हातात ठेवतो. पुस्तिकेतले जुन्या फॉन्टांचे प्रकरण त्यासाठी दोनदा वाचावे.

वर्ड पेस्ट करताना जे तीन पर्याय देतो, त्यांपैकी मला सर्वांत शहाणा वाटतो तो मधला. मूळ रूप ठेवणारा पर्याय सगळे बिऱ्हाड आणतो, केवळ मजकूर आणणारा सगळे बाहेर ठेवतो. ‘मर्ज फॉरमॅटिंग’ हा मधला पर्याय परिच्छेदाला इथले कपडे घालतो, पण मजकुरात जिथे जिथे एखादा शब्द ठळक किंवा तिरका केलेला असेल, तेवढा जोर राखतो. संपादकाला हवे असते ते अगदी हेच. लेखकाने एक शब्द ठळक केला तर त्यामागे बहुधा अर्थ असतो. त्याने संपूर्ण लेख हिरव्या रंगात लिहिला तर त्यामागे फक्त लेखक असतो. तिरक्या अक्षरांबद्दल मात्र माझे मत वेगळे. देवनागरीला इटॅलिक मुळात नव्हतेच. यंत्राने तिरके केलेले देवनागरी अक्षर मला अजूनही वाऱ्याने आडव्या झालेल्या उसासारखे दिसते. इंग्रजीतून अनुवादलेल्या लेखात पुस्तकांची नावे तिरकी येतात, ती मी सरळ करून अवतरणचिन्हांत घालतो. लेखिकेला हे पटत नाही. त्या म्हणतात, आता वाचकाला सवय झाली आहे. असेल.

केवळ मजकूर आणणे कुठे नको, हेही लेखिकेने सांगितले आहे, पण माझ्या मते जरा घाईत. त्यामुळे इथे थोडा थांबतो. तळटीपा असलेला लेख साधा करून पेस्ट केला की तळटीपा जातात. संशोधनपर लेखात याचा अर्थ लेखकाची सहा महिन्यांची मेहनत जाते, आणि ती गेल्याचे वाचताना कळतही नाही. कोष्टक मोडून पडते. एखाद्या सूत्रातला वरचा आकडा खाली येऊन बसतो, आणि ‘दहाचा वर्ग’चे ‘एकशे दोन’ होते. सर्वांत जास्त हाल कवितेचे. कवीने ओळ जिथून आत घेतली तो समास परिच्छेदाच्या सामानात असतो. तो गेला की सगळ्या ओळी डावीकडे भिंतीला टेकून उभ्या राहतात, रेशनच्या रांगेसारख्या. ओळीची लांबी आणि कडव्यातली मोकळी जागा हाही कवितेचा मजकूर आहे, सजावट नव्हे. कविता पेस्ट करताना मूळ प्रत शेजारी उघडी ठेवावी. दुसरा उपाय मला माहीत नाही.

मराठीची आणखी एक गोम वर्ड प्रोसेसरांनी अगदी आत दडवली आहे. वर्ड काय किंवा लिब्रेऑफिस काय, रोमन अक्षरांचा फॉन्ट-आकार एका खणात ठेवतात आणि देवनागरीसारख्या ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांचा दुसऱ्या खणात. दोन खण, दोन फॉन्ट, दोन आकार, इतकेच काय ठळकपणाही दोन ठिकाणी. बाहेरून आलेला मजकूर या दोन्ही खणांत आपले सामान घेऊन येतो. आपण इंग्रजीचा आकार बदलतो आणि मराठी जशीच्या तशी राहते, मग पान पाहून वाटते की संगणक रुसलाय. लिब्रेऑफिसमध्ये हा दुसरा खण भाषेच्या पर्यायांतून दिसता करता येतो. त्याचे चित्र पुस्तिकेत दिले आहे, ते बघावे. ओळींचे अंतर ‘एवढेच’ असे बांधलेला परिच्छेद इंग्रजीतून आला, तर देवनागरीच्या वेलांट्या, रफार आणि अनुस्वार यांची डोकी छाटली जातात. आपली अक्षरे उंच असतात, त्यांना वर जागा लागते.

मजकुराबरोबर भाषेची चिठ्ठीही येते. हिंदी म्हणून नोंदलेला मजकूर मराठी फाइलमध्ये आला, की शब्दांखाली लाल रेघा उमटतात एवढेच नव्हे. काही फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे दिसू लागतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची वळणे ठरवून दिली. मराठी वळणे पाळली जावीत असे वाटणाऱ्यांनी आधी ही चिठ्ठी तपासावी.

आता ज्या चुकीने मला सर्वांत जास्त लाज आणली ती. आमच्या दिवाळी अंकात गावजेवणांवर एक सुंदर लेख होता. त्यात आचाऱ्यांचे एक लांबलचक वर्णन: पहाटे तीनला उठणारे, चुलाण पेटवणारे, मणभर कांदा चिरणारे. लेख युनिकोडमध्ये आला होता. अदृश्य खुणा काढून टाकणारे एक फुकटचे साधन मला कुणीतरी दिले होते, त्यातून मी तो फिरवला. ‘आचाऱ्यांनी’ हा शब्द लेखकाच्या कळफलकावरून ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह असा उमटला होता. त्या जोडचिन्हामुळेच र आडवा होतो. साधनाने जोडचिन्ह खाल्ले. अंक छापून आला तेव्हा आचार्यांनी मणभर कांदा चिरला होता आणि आचार्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवून विचारले, हे आचार्य कोणत्या पीठाचे? मी उत्तर पाठवले नाही, पण ते पोस्टकार्ड जपून ठेवले आहे. गव्हाच्या की ज्वारीच्या, एवढेच विचारायचे राहिले होते.

इथे दोष ‘केवळ मजकूर’चा नव्हता. ते जोडचिन्ह हा मजकूरच आहे, फक्त तो दिसत नाही, आणि साधी पेस्ट त्याला हात लावत नाही. दोष होता, दिसत नाही ते कचरा, असे समजणाऱ्या साधनाचा आणि माझा. आडवा र दुसऱ्या रीतीनेही लिहिता येतो, नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन. दोन्ही रीती पडद्यावर सारख्याच दिसतात, पण शोधताना एकीने लिहिलेला शब्द दुसरीने सापडेलच असे नाही. ‘बिऱ्हाड’ हा शब्द मी या प्रस्तावनेत मुद्दाम वापरला आहे. हे मॅटर पानावर लावताना तो तपासावा, अशी ऑपरेटरला विनंती.

पीडीएफमधून पेस्ट करणे या विषयावर मी फार बोलत नाही, कारण माझा रक्तदाब वाढतो. पीडीएफ हे पानाचे चित्र आहे. त्यात अक्षरे ज्या क्रमाने रेखली त्या क्रमाने बाहेर येऊ शकतात, म्हणून पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येऊन एकटीच लटकते, आणि प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी परिच्छेद तुटतो. जुन्या फॉन्टची पीडीएफ असेल तर बहुधा वाचता येईल असे काही हाती लागत नाही. तिथे पानाचे चित्र घेऊन अक्षरओळख करून घेणे बरे पडते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या मॅटरमध्ये ठळक शब्दांभोवती फुल्या असतात आणि अनेक संदेश एकत्र उचलले तर प्रत्येकाआधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव. एका श्रद्धांजलीपर लेखात मध्येच ‘रात्री ११:४२’ छापून गेल्याचे मी पाहिले आहे. वाचकांना ती मृत्यूची वेळ वाटली.

पुस्तिकेबद्दल दोन शब्द. ती कळांची यादी नाही, याचा मला आनंद झाला. कळा आवृत्तीगणिक बदलतात. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्हीने साधी पेस्ट होते, वर्डच्या नव्या आवृत्त्यांतही होते, लिब्रेऑफिसमध्ये त्याच कळांनी पर्यायांची खिडकी उघडते आणि साध्या पेस्टसाठी ऑल्टही धरावी लागते. लेखिकेने हे एका तक्त्यात उरकले आहे आणि उरलेली पाने मजकुरासोबत काय येते हे ओळखायला शिकवण्यात घालवली आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक बिघडलेला परिच्छेद दिला आहे आणि तो कुठून आला असेल हे वाचकाला विचारले आहे. मी सगळे सोडवले. दोन चुकले, त्यातला एक माझ्याच फाइलमधला होता.

तक्रार एकच. शेवटच्या प्रकरणातले सफाईचे मॅक्रो फार आत्मविश्वासाने दिले आहेत. पोस्टकार्डाची गोष्ट मी लेखिकेला सांगितली, त्यानंतर त्यांनी तिथे जोडचिन्ह वगळण्याची सूचना घातली. तरीही मी म्हणेन, मॅक्रो चालवण्याआधी मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि नंतर निदान ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ एकदा शोधून पाहावेत.

ही पुस्तिका झोपाळ्यावर बसून वाचायची नाही, संगणकासमोर बसून वाचायची आहे. तेव्हा पहिल्या प्रकरणाचे पान उलटण्याआधी आपली सर्वांत त्रासदायक फाइल वर्डमध्ये उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट व ८ एकदम दाबा. लिब्रेऑफिस असेल तर कंट्रोल आणि एफ १०. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक उलटा ‘पी’ दिसेल. तो तसाच दिसता ठेवून पुढे वाचा.